चिऊच्या मानेतली गाठ

शाळेची वेणी घालताना उजव्या कानाखाली बोटाला काहीतरी लागलं. सुपारीएवढी गाठ. लाल नाही, दाबली तर दुखतही नव्हती. चार वर्षांची चिऊ आरशात बघत बसली होती.

"अवधाण असेल गं, डोक्यात उवा झाल्यात का बघ," सासूबाई म्हणाल्या आणि रक्तचंदन उगाळायला बसल्या. त्यांचं चुकीचं नव्हतं. उवा, किडका दात, घसा, कशानेही मुलांच्या मानेत गाठ येते आणि बहुतेक वेळा जिरते. वाटाण्याएवढी, बोटाखाली सरकणारी गाठ तर चांगल्या धडधाकट मुलालाही लागते. आमची जिरेना. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, सहा आठवडे गेले, शेजारी आणखी दोन गाठी आल्या.

डॉक्टरांनी सुईची तपासणी सांगितली. "सुई लावली की गाठ पसरते," असं कुणीतरी म्हणालं आणि मी पंधरा दिवस टाळलं. ते दिवस मला अजून सलतात. सुई रक्त काढतात तशीच बारीक होती, दोन मिनिटांचं काम. रिपोर्ट आला : गाठीचा टीबी. जुनी माणसं गंडमाळ म्हणतात ती.

डॉक्टरांनी लगेच विचारलं, "घरात कुणी खोकतंय का?" गाठीचा टीबी मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही, पण मुलाला तो बहुधा मोठ्या माणसाच्या फुप्फुसातून आलेला असतो. अण्णा, माझे सासरे, दोन महिने खोकत होते. तंबाखूचा खोकला, असं आम्हीच ठरवून टाकलं होतं. चिऊ रोज दुपारी त्यांच्या कुशीत झोपायची. त्यांच्या थुंकीत टीबी निघाला. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत.

सरकारी दवाखान्यातून दोघांचंही औषध फुकट सुरू झालं, ६ महिन्यांचं. चिऊची गोळी वजनाप्रमाणे, पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी. लघवी केशरी व्हायची. ते आधी सांगितलं होतं म्हणून धीर धरला. दुसऱ्या महिन्यात मात्र गाठ उलट फुगली आणि माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, औषध चालू असताना असं होऊ शकतं, एकही गोळी चुकवू नका.

चुकवली नाही. अण्णा पहाटे उठून चिऊची वाटी तयार ठेवायचे, स्वतःच्या गोळ्या तिच्यासमोर गिळायचे आणि म्हणायचे, "आता तुझी पाळी."