न्यू जर्सीतील भाड्याचे घर : स्वतःच्या नावावर की एलएलसीच्या?

न्यू जर्सीत दोन कुटुंबांसाठीचे एक जुने घर गुंतवणूक म्हणून घ्यायचे मी ठरवले, तेव्हा मित्रमंडळींचा बहुतेक सल्ला एकाच वाक्यावर येऊन थांबत असे : आधी एलएलसी (मालकाचे दायित्व मर्यादित ठेवणारी कंपनी) काढ, कर वाचेल. माझ्या सीपीएने (परवानाधारक लेखापालाने) पहिल्याच भेटीत हा समज खोडून काढला. एकट्याच्या मालकीच्या एलएलसीला, तिने मुद्दाम वेगळा पर्याय निवडला नसेल तर, केंद्रीय प्राप्तिकराच्या हिशेबात वेगळे अस्तित्वच नसते. त्यामुळे भाडे, दुरुस्ती, कर्जावरचे व्याज आणि इमारतीच्या किमतीवर २७.५ वर्षांत मिळणारा घसारा हे सारे दोन्ही पर्यायांत वैयक्तिक विवरणपत्राच्या शेड्यूल ई या भाड्याच्या उत्पन्नाच्या परिशिष्टातच जाते. साध्या घरभाड्यावर स्वयंरोजगार कर (स्वतःच्या धंद्याच्या कमाईवरचा कर) एरवीही लागत नाही. उलट पत्नीलाही सभासद केले असते, तर ती एलएलसी भागीदारी ठरून दरवर्षी फॉर्म १०६५ चे वेगळे विवरणपत्र आणि त्याची वेगळी फी मागे लागली असती. (टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात पतिपत्नींना यातून सुटका आहे, कारण तेथे दांपत्याच्या सामाईक मालमत्तेचा कायदा लागू आहे, न्यू जर्सीत तो नाही.)

म्हणजे प्रश्न कराचा नव्हता, दायित्वाचा होता. सोल प्रोप्रायटर म्हणून, म्हणजे थेट स्वतःच्या नावावर, घर घेतले की वेगळी कंपनी नोंदवावी लागत नाही, पण भाडेकरूने नुकसानभरपाईचा दावा लावला, तर विम्यात न बसणारी रक्कम आपल्या बचतीतून जाऊ शकते. एलएलसी असल्यास तो दावा साधारणपणे कंपनीच्या मालमत्तेपाशी थांबतो. साधारणपणे, असे मी जपून म्हणतो. माझ्या अटर्नीने (वकिलाने) घराच्या तपासणी अहवालातील मागच्या जिन्याच्या हलत्या कठड्याच्या छायाचित्रावर बोट ठेवले आणि विचारले, ‘हा तुम्ही स्वतः बसवणार की गवंडी लावणार?’ मी स्वतः ठोकलेला कठडा निसटून कोणी पडले, तर तो निष्काळजीपणा माझा, आणि त्यातून मला कोणतीही एलएलसी वाचवणार नाही. शिवाय भाड्याचे चेक घरच्या खात्यात भरले किंवा कंपनीच्या खात्यातून किराणा आणला, तर न्यायालय कंपनीचा पडदा बाजूला सारून थेट मालकाला गाठू शकते. स्वतः दुरुस्त्या करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे ऐकून एलएलसीचे आकर्षण निम्मे उरले.

उरलेले निम्मे कर्जाने घालवले. ३० वर्षांचे स्थिर दराचे नेहमीचे मॉर्गेज (घर तारण ठेवून घेतलेले कर्ज) व्यक्तीला मिळते. एलएलसीला बहुधा व्यावसायिक कर्ज घ्यावे लागते आणि त्याचा दर चढा असतो. घर आधी स्वतःच्या नावावर घेऊन नंतर डीड (मालकीचा दस्त) कंपनीच्या नावे करण्याचा मार्ग अनेकजण सुचवतात, पण तसे केल्यास पूर्ण कर्ज एकरकमी मागण्याचे कलम बँक पुढे करू शकते. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यात या कलमातून ज्या हस्तांतरणांना सूट आहे, त्यांत कर्जदाराच्या लिव्हिंग ट्रस्टचा (हयातीतच केलेल्या न्यासाचा) समावेश आहे, एलएलसीचा नाही. शिवाय न्यू जर्सीत शिल्लक मॉर्गेज हा मोबदला धरून हस्तांतरण शुल्क लागू होऊ शकते, आणि टायटल इन्शुरन्स (मालकी हक्कातील दोषांविरुद्धचा विमा) नव्या मालकाला लागू राहतो का, हेही तपासावे लागते.

अखेर घर माझ्याच नावावर घेतले आणि सगळा भर विम्यावर दिला. मालक स्वतः राहत नसलेल्या अशा भाड्याच्या घरासाठी न्यू जर्सीच्या २०२२ च्या कायद्यानुसार किमान ५,००,००० डॉलरचा दायित्व विमा सक्तीचा आहे आणि त्याचे प्रमाणपत्र दरवर्षी नगरपालिकेत नोंदवावे लागते. त्यावर मी १० लाख डॉलरची अम्ब्रेला पॉलिसी (मूळ विम्याच्या मर्यादेपलीकडचे दायित्व उचलणारा विमा) घेतली आणि भाड्याच्या घराचा उल्लेख तिच्यात आहे, याची लेखी खात्री करून घेतली. भाडे थकल्याचा खटला न्यायालयात चालवायची वेळ आली, तर व्यक्तीला स्वतः उभे राहता येते, कंपनीला मात्र वकील द्यावा लागतो, ही सोयही लहान घरमालकाला कमी नाही.

दुसरे घर व्यावसायिक कर्जावरच घ्यायचे झाले, तर मात्र खरेदीच्या दिवसापासून ते एलएलसीच्याच नावावर ठेवेन. येथे नोंदणीचे १२५ आणि वार्षिक अहवालाचे ७५ डॉलर लागतात, तर कॅलिफोर्नियात एलएलसीला दरवर्षी किमान ८०० डॉलर भरावे लागतात. स्वस्त म्हणून वायोमिंगमध्ये कंपनी काढण्याचा सल्लाही मिळाला होता, पण भाड्याचे घर येथे असल्याने ती येथेही नोंदवावी लागली असती, म्हणजे दोन्हीकडची फी.