काच न काढता पट्टी बसेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो आहोत. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "जुन्या शेव्हर्ले पिकअपचा रंग झाला, पुढची काच बसली, आता काचेभोवतीची चकचकीत पट्टी तेवढी राहिली. काच न काढता ती बसेल ना?" पट्टी धातूची असेल तर नाही. काच बाहेर काढायची, तिच्यावर रबर चढवायचं, टेबलावरच रबरात पट्टी बसवायची आणि मग काच, रबर, पट्टी असं सगळं एकत्र गाडीत न्यायचं. प्लॅस्टिकच्या पट्टीचं वेगळं आहे. तिच्याकडे पुढे येऊ.

हे सगळं १९६७ ते १९७२ या वर्षांतल्या शेव्हर्लेच्या सी-टेन पिकअपबद्दल आणि तिच्या भावंडांबद्दल आहे. चारचाकी ड्राइव्हची के मालिका, जीएमसीचे जोडीदार ट्रक, सबर्बन आणि १९६९ पासूनची ब्लेझर या सगळ्यांची पुढची काच एकच. आजच्या गाड्यांची काच युरेथेन नावाच्या गोंदाने चिकटवलेली असते, इथे मात्र ती फक्त रबराच्या पकडीवर उभी असते. ज्यांनी अँबेसेडरची किंवा कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेल्या प्रीमियर पद्मिनीची काच बसताना पाहिली आहे, त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल: रबर, साबणाचं पाणी आणि दोरी.

आधी रबर समजून घ्या, कारण पट्टीचं सगळं गणित त्यातच आहे. रबराचा तुकडा आडवा कापून पाहिला तर त्यात दोन मुख्य खाचा दिसतात. एकीत काच बसते, दुसरीत केबिनच्या चौकटीची पत्र्याची कड. पट्टी लावायची सोय असलेल्या रबराला बाहेरच्या तोंडावर तिसरी, अरुंद खाच असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पातळ ओठ असतात. पट्टीच्या वळवलेल्या कडा या ओठांखाली अडकतात. स्क्रू नाही, गोंद नाही. रबर सुटं असताना हे ओठ बोटाने सहज उघडतात. तेच रबर एकदा काच आणि पत्रा यांच्यामध्ये दाबलं गेलं की सगळीकडून ताणलं जातं, ओठ घट्ट मिटतात आणि धातूची पट्टी आत सरकवायला जागाच उरत नाही. जोर केला तर पट्टीला मुरड पडते. अशी मुरड कितीही पॉलिश केलं तरी उन्हात दिसतेच, आणि पट्टीचं वळणदार कोपऱ्याचं तोंड अशा वेळी नव्या रंगावर ओरखडा काढून जातं.

आणि इथेच सगळ्यात जास्त होणारी चूक. या गाड्यांना दोन प्रकारची रबरं येत होती: साध्या मॉडेलला बिनखाचेचं, वरच्या श्रेणीला पट्टीच्या खाचेचं. दिसायला दोन्ही सारखीच काळी, बाहेरून मापंही जवळजवळ तीच. बिनखाचेच्या रबरात पट्टी कधीही बसणार नाही. पार्सल उघडल्या उघडल्या रबर हातात घेऊन बाहेरच्या तोंडावर नख फिरवा. खाच असेल तर नख अडकतं. हे काच बसवायच्या दिवशी कळलं तर तो दिवस वाया जातो.

प्लॅस्टिकची क्रोम पट्टी लवचिक असते, म्हणून ती काच बसल्यावरही भरता येते. खाचेला साबणाचं पाणी लावायचं, ओठ उघडत नेणारं हुकाचं हत्यार पुढे आणि पट्टी त्याच्या मागोमाग. भरताना ती ओढून ताणू नका. ताणलेली पट्टी काही दिवसांत आखडते आणि सांध्यात फट पडते. उलट थोडी रेटत, किंचित जास्त लांब ठेवून भरा आणि एक रात्र गेल्यावर टोक कापा. आमचं मत विचाराल तर जिथे मूळ धातूची पट्टी होती तिथे धातूचीच लावा. प्लॅस्टिकवरची चमक उन्हाने पिवळट होते, धातूची परत घासून उजळता येते.

जुनी पट्टी टाकून देण्याआधी ती कशाची आहे ते पाहा. चुंबक चिकटलं म्हणून ती साधं लोखंड ठरत नाही. गाड्यांच्या पट्ट्यांना वापरलं जाणारं बरंचसं स्टेनलेस चुंबकाला चिकटतं. चुंबक चिकटलं नाही आणि वजनाला अगदी हलकी लागली, तर ॲल्युमिनियम. मग मल्टिमीटर रोध मोजण्यावर लावून दोन्ही टोकं पट्टीच्या चकचकीत बाजूवर हलकेच टेकवा. काटा हलला नाही तर वर ॲनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या क्रियेने चढवलेला संरक्षक ऑक्साइडचा, थर आहे, कारण तो थर वीज वाहू देत नाही. हा थर असताना कितीही बफिंग केलं तरी चमक येत नाही. आधी कॉस्टिक सोड्याने थर काढावा लागतो, आणि त्यासाठी हातमोजे, चष्मा व मोकळी हवा हवीच. स्टेनलेसला ही कटकट नाही.

स्टेनलेसचा पोचा काढायचा तो मागून. पट्टीचा चेहरा कडक लाकडाच्या गुळगुळीत ठोकळ्यावर टेकवायचा आणि मागच्या बाजूने बोथट, छोट्या तोंडाच्या हातोडीने हलके हलके ठोके द्यायचे. एका जोरदार ठोक्याऐवजी वीस हलके. जोराचा ठोका पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा फुगवटा होऊन बसतो. मग बारीक कानस अगदी अलगद फिरवा: उंच जागा चमकतात, खोलगट जागा मळकट राहतात, कुठे अजून काम आहे ते आपोआप दिसतं. पुढे ४००, ६००, ८००, १००० असे वॉटर पेपर, दर वेळी आधीच्या पेपरच्या रेषा पूर्ण जाईपर्यंत, आणि शेवटी कापडी चाकावर बफिंग. चाकाच्या खालच्या अर्ध्या भागावरच काम करा आणि पट्टीची कड कधीही फिरणाऱ्या चाकाच्या तोंडासमोर आणू नका. चाकाने कड पकडली की लांब पट्टी एका क्षणात दुमडते, आणि ती हातातून सुटते तेव्हा हात कापला जाऊ शकतो.

काच काढताना जुनं रबर वाचवायचा मोह धरू नका. ते कडक झालेलं असतं. पट्टी वाचवायची असेल तर ती आधी काढा: टोकाला धरून खेचायचं नाही, पूर्ण लांबीभर ओठ उचलत, प्लॅस्टिकच्या चपट्या हत्याराने सोडवत जायचं. मग वायपरचे दांडे काढा, काचेच्या बाजूने रबराचा बाहेरचा ओठ धारदार सुरीने चहूबाजूंनी कापून टाका, आणि एकाने आतून वरच्या कोपऱ्यांजवळ तळहाताने दाब देत काच बाहेर उभ्या असलेल्याच्या हातात द्या. काच लॅमिनेटेड आहे, म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर. तिच्या कडेला एवढासा टवका असला तरी नंतर दाब आला की तिथूनच तडा जातो. काढल्यावर पूर्ण कड हातमोज्यातल्या बोटाने तपासा.

आता पत्र्याची कड बघा. या केबिन खालच्या दोन कोपऱ्यांत सडतात. रबर आकसतं, कोपऱ्यात पाणी साचतं, आणि वर रंग ठीक दिसत असताना खाली पत्रा चाळणी झालेला असतो. डाव्या कोपऱ्यातून झिरपणारं पाणी डॅशबोर्डखाली फ्यूजबॉक्सच्या बाजूला उतरतं. तिथे हिरवट गंज दिसला तर वायरिंगला दोष देण्याआधी काचेचा कोपरा तपासा. टोकदार सळईने कड टोचत जा. सळई आत गेली तर तो भाग कापून तेवढ्याच जाडीच्या नव्या पत्र्याचा तुकडा वेल्ड करा. लांबी, म्हणजे पुट्टी, भरून कड बनवू नका. पुट्टीने कड जाड होते, रबराची खाच तिच्यावर पूर्ण बसत नाही आणि दाब आला की पुट्टी तडकते. वेल्डिंगचे उंचवटे घासून सपाट करा, वाकलेली कड हातोडी आणि ठोकळ्याने सरळ करा, इपॉक्सी प्रायमर द्या, जोडांवर सीम सीलर, म्हणजे पत्र्याच्या जोडांतली फट बुजवणारं लुकण, मग रंग. रंग पूर्ण वाळू द्या. कोवळ्या रंगावर रबर चिकटून बसतं आणि दोरी ओढताना रंगही ओढला जातो. डॅशबोर्डचा रंग किंवा काचेवर हवा सोडणाऱ्या नळ्यांचं काम राहिलं असेल तर तेही आत्ताच उरका. एवढी मोकळी जागा पुन्हा मिळत नाही.

रबर चढवण्याआधी नुसती काच चौकटीपुढे धरून पाहा. चहूबाजूंची फट सारखी हवी. एका कोपऱ्यात काच पत्र्याला टेकत असेल तर चौकट वाकडी आहे. ती आत्ता नीट केली नाही तर काच थंडीच्या एखाद्या सकाळी आपोआप तडकेल.

टेबलावर जाड गोधडी पसरा आणि काच पालथी ठेवा, फुगीर बाजू वर. रबर तासभर उन्हात किंवा कोमट पाण्यात ठेवलेलं असावं. २० अंशांखालच्या हवेत हे काम करू नये. आधी चारही कोपरे बसवा, मग मधले सरळ भाग. रबर लांब वाटलं तरी कापू नका. ते मुद्दाम किंचित लांब केलेलं असतं, कोपऱ्यांकडून मध्याकडे थापटत नेलं की सामावतं. कापलेलं रबर महिनाभरात आकसून सांध्यात उघडं पडतं. वंगण म्हणून फक्त भांडी घासायच्या साबणाचं पाणी. तेल, ग्रीस किंवा फवाऱ्याचं गंज सोडवणारं तेल अजिबात नको, त्याने हे रबर फुगतं. सिलिकॉनचा फवाराही टाळा. त्याचा अंश पत्र्यावर राहिला तर पुढे रंग मारताना माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

पट्टी कोपऱ्यापासून सुरू करा. खाचेत साबणाचं पाणी सोडा, पट्टीची एक कड एका ओठाखाली पूर्ण लांबीभर बसवा, मग दुसरा ओठ बोथट हत्याराने उचलून तिच्यावर घ्या. फार अडलं तर खाचेच्या त्या ओठाखाली बारीक दोरा घालून ठेवा, पट्टी टेकवा आणि दोरा हळू ओढत जा. ओठ एकेक बोट उलटत पट्टीवर येतो, आणि बसल्याची बारीक टप टप ऐकू येते. सांधा झाकणारे तुकडे विसरू नका, शेजारची पट्टी बसण्याआधीच ते सरकवून ठेवावे लागतात. सगळं बसलं की दर वीतभर अंतरावर मास्किंग टेप लावून पट्टी बांधून ठेवा.

आता दोरी. रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते, तिच्यात ५ ते ६ मिलिमीटरची नायलॉनची गुळगुळीत दोरी चहूबाजूंनी भरा. काचेचा घेर मोजून त्यात मीटरभर जास्त धरा. दोन्ही टोकं तळाच्या मध्यावर वीतभर एकमेकांवरून जाऊ द्या आणि केबिनच्या आत सोडा. केबिनच्या कडेला व पुढच्या पत्र्याला मास्किंग टेप लावा, काचेचा आणि चौकटीचा मध्य टेपने खुणा करून जुळवा. काच खालच्या कडेवर टेकवा. आतला माणूस दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे, कडेशी काटकोनात ओढतो. बाहेरचा माणूस नेमकं त्याच जागी उघड्या तळहाताने दाबतो. आधी तळ दोन्हीकडे कोपऱ्यापर्यंत, मग बाजू, शेवटी वरचा भाग. बाहेरच्याने फक्त काचेवर दाबायचं, पट्टीवर कधीच नाही. दोरी अडली तर जोराने हिसका देऊ नका, तिथे ओठ दुमडलाय. थोडी सैल सोडा, पाणी मारा, लाकडी पट्टीने ओठ सोडवा. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की काच किंवा रंग, दोन्हींपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

काच बसली की रात्रभर तशीच राहू द्या. साबणाचं पाणी वाळलं की काच व रबर यांच्यामध्ये आणि रबर व पत्रा यांच्यामध्ये न सुकणारं बेडिंग कंपाउंड, म्हणजे फट बुजवणारं मऊ लुकण, नळीच्या चपट्या तोंडाने भरा. बाथरूमला लावायचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे चालत नाही. त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो.

मग पाण्याची चाचणी. पाइपची धार हलकी ठेवून खालच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करा आणि दोन-दोन मिनिटं थांबत वर जा. वरून सुरू केलं तर पाणी खाली वाहत येतं आणि गळती नेमकी कुठे आहे ते कळत नाही. आतल्या माणसाकडे टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर असावा. थेंब दिसला तरी काच पुन्हा काढायची गरज नसते: त्या जागेच्या वर आणि बाजूला हातभर अंतरापर्यंत ओठ उचला, वाळू द्या, कंपाउंड भरा आणि दुसऱ्या दिवशी तीच जागा पुन्हा भिजवून पाहा.