मजुरी न घेता दुसऱ्याचे घर का बांधता?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहिते. लग्नाच्या मांडवात, बँकेच्या रांगेत, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईकडून, असा कुठेही हा प्रश्न येतो: गवंडी मिळतात, मजूर मिळतात, वर सरकारची योजनाही आहे, मग तुम्ही संसारी बायका सुट्टीच्या दिवशी उन्हात दुसऱ्याच्या घरासाठी चिरे कशाला वाहता?

पहिले उत्तर हिशोबाचे आहे. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग 2016 मध्ये सुरू झाला तेव्हा सपाट प्रदेशातील घरासाठी 1,20,000 रुपये आणि किमान 25 चौरस मीटर क्षेत्र ठरले. ही रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते आणि आमच्या गोव्यात, सत्तरी-डिचोलीकडे, चिरे, सिमेंट, रेती आणि वाहतूक यांतच तिचा बराच भाग संपतो. मग भिंती दारा-खिडक्यांच्या वरच्या पट्टीपर्यंत येतात आणि काम थांबते. अर्धवट भिंतींवर निळे प्लास्टिक ओढून जून महिन्याला सामोरे जाणारे कुटुंब ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे अधिक सांगावे लागणार नाही. सामान कोणी फुकट देत नाही, लाकूड देत नाही. पण अकुशल श्रमाचा जो वाटा घराच्या खर्चात असतो, तो शेजारणी देऊ शकतात. तेवढ्याने वाचलेले पैसे छपराला लागतात.

यातही आम्ही एक मर्यादा पाळतो आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. गवंड्याची मजुरी कधी बुडवायची नाही, कंत्राटदाराच्या कामावर फुकट जायचे नाही, आणि घर घेणाऱ्या कुटुंबाला योजनेतून स्वतःच्या श्रमाची मजुरी मिळण्याची तरतूद असेल तर ती आधी पदरात पाडून घ्यायची. गोव्यातील बांधकामांवर डोक्यावर घमेले घेऊन चढणाऱ्या बहुतेक बायका पोटासाठी परराज्यांतून आलेल्या असतात. आमच्या हौसेने त्यांचा एक दिवस जरी बुडाला, तर ती सेवा ठरत नाही.

मग आम्ही नेमके करतो काय? पाया खणताना माती ओढतो, रेती चाळतो, सिमेंट-रेतीचा माल कालवून देतो, दोघी-दोघी मिळून चिरा उचलतो आणि गवंड्याच्या हाताशी नेऊन ठेवतो. पण या सगळ्याहून मोलाचे काम ज्याला लोक काम समजत नाहीत ते, म्हणजे पाणी मारणे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची क्रिया होते म्हणून ते घट्ट होते, आणि ही क्रिया बरेच दिवस चालते. बांधकाम निदान सात दिवस आणि स्लॅब त्याहून अधिक दिवस ओला राहिला पाहिजे. गवंडी संध्याकाळी आपल्या घरी जातो, दुसऱ्या दिवशी कदाचित दुसऱ्याच कामावर असतो, आणि भर एप्रिलच्या उन्हात ताज्या सांध्यांतील ओल दुपारपर्यंत उडून जाते. असा सांधा पुढे बोटाने खरवडला तरी भुसा पडतो. नुसत्या मजुरीने बांधलेल्या कितीतरी लहान घरांची ही जागा कच्ची राहते, कारण सकाळ-संध्याकाळ हंडाभर पाणी घेऊन भिंतीजवळ जाणे हे कोणाच्याच मजुरीत धरलेले नसते. आमच्यात त्याची पाळी लावलेली असते. शाळेत शिकवणारी, काजूच्या कारखान्यात जाणारी, घरीच असणारी, प्रत्येकीच्या वाट्याला एक वेळ येते. चिरासुद्धा लावण्यापूर्वी भिजवावा लागतो, नाहीतर तो मालातील पाणी शोषून घेतो. हे ज्या बाईने एकदा हाताने केले, तिला पुढे आयुष्यात कोणताही ठेकेदार फसवू शकणार नाही.

थापी मात्र आमच्या हातात सहज आली नाही. बाईने ओझे वाहायचे आणि पुरुषाने भिंत रचायची, ही वाटणी इतकी पक्की आहे की वर्षानुवर्षे कामावर राबलेली बाईसुद्धा मदतनिसाच्या मजुरीवरच राहते. एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी न्हाणीघराची भिंत आम्हाला रचू दिली. ‘‘बाय, ओळंबा खोटे बोलत नाही, तो सांगेल तसे करा,’’ एवढेच ते म्हणाले आणि बाजूला बसून राहिले. त्यानंतर ज्या दोघी-तिघींचा हात बसला, त्या आज गिलाव्याच्या कामाला गवंड्याच्या दराने जातात.

मला यात नवे असे काही दिसत नाही. आपल्याकडे मातीची भिंत लिंपणे, जमीन चोपून सपाट करणे आणि शेणाने सारवणे ही बायकांचीच कामे होती. घराचा जो भाग दररोज हाताखाली येतो तो त्यांच्याच हातचा असे. सिमेंट आले तेव्हा तो हात भिंतीवरून निघाला आणि ओझे तेवढे डोक्यावर राहिले. घराविषयी बोलण्याचा अधिकारही त्याबरोबर गेला, असे मी मानते. चूल कुठे, सांडपाणी कुठून जाणार, संडासाचे दार कोणत्या बाजूला उघडणार, हे नकाशा काढणारा ठरवू लागला.

तो अधिकार परत घेतलेल्या बायका आपल्या शेजारीच आहेत. मुंबईत भायखळ्याच्या पदपथावर राहणाऱ्या बायकांनी 1986 मध्ये महिला मिलन ही संघटना उभी केली आणि आपल्याला कसे घर हवे याचे आराखडे स्वतः मांडले. त्यांनी 14 फूट उंचीची खोली मागितली, कारण तेवढ्या उंचीत माळा निघतो आणि त्याच जागेत आणखी माणसे झोपू शकतात. लातूर-किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर घरांच्या दुरुस्तीसाठी गावोगावी बायकांना संवाद साहाय्यक, म्हणजे गावकरी आणि सरकार यांच्यातला दुवा म्हणून, नेमले गेले. दूर अमेरिकेत, 1976 मध्ये स्थापन झालेल्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेच्या कामात 1991 मध्ये शार्लट शहरात केवळ बायकांनी एक घर बांधले, आणि तिथून बायकांच्या अशा बांधकामाचा एक स्वतंत्र उपक्रमच उभा राहिला. तिथे घर मिळणाऱ्या कुटुंबालाही स्वतः श्रम द्यावे लागतात, ही अट मला योग्य वाटते आणि आम्हीही ती ठेवली आहे. आजारी किंवा गरोदर बाई चिरे उचलत नाही, पण हजेरी लिहिते, सिमेंटच्या गोण्या मोजून घेते.

गोव्यात याहून अवघड काम भिंतीच्या आधीचे असते, ते म्हणजे कागदाचे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला 1975 च्या कायद्याने संरक्षण दिले आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला, पंचायत क्षेत्रात 300 चौरस मीटरपर्यंत. परंतु हा हक्क मामलेदारांपुढे सिद्ध करावा लागतो, आणि तो सिद्ध न केलेली कितीतरी कुटुंबे जुने घर कोसळल्यावर नव्या घरासाठी अर्जच करू शकत नाहीत. म्हणून आमचे निम्मे श्रम कचेरीच्या व्हरांड्यात जातात. कागद हाती आला की त्यावर बाईचे नाव आहे की नाही हे आम्ही वाचून पाहतो. विवाहाआधी वेगळा करार नसेल तर गोव्याच्या नागरी कायद्यानुसार पती-पत्नीच्या मालमत्तेत तिचा निम्मा वाटा असतोच, आणि आवास योजनेतही घर तिच्या किंवा दोघांच्या नावे देण्यावर भर आहे. तरीही कोणी विचारले नाही तर तिचे नाव लिहायचे राहून जाते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी काहीजणी नंतर स्वतःच कामाला येऊ का म्हणून विचारतात. रविवारी पुष्कळजणी येतात. आम्हाला माणूस कमी पडते ते मंगळवारी आणि बुधवारी संध्याकाळी, भिंतीला पाणी मारायला. शक्य असेल तर तेव्हा या.