रामफळाच्या भावकीवर करवत

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या उत्तर भागात, इनिसफेलच्या पट्ट्यात खाडीकडून वर चढलं की आधी कांदळवन लागतं आणि मग मेलाल्यूकाचं पाणथळ रान. पांढरट सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेली ही झाडं. बाजारातलं टी-ट्री तेल याच प्रजातीतल्या दुसऱ्या एका जातीपासून काढतात. या दोन रानांच्या सांध्यात पाँड ॲपल घुसलंय. शास्त्रीय नाव ॲनोना ग्लाब्रा, म्हणजे आपल्या सीताफळ-रामफळाची भावकी. १९१२ च्या सुमारास सीताफळवर्गीय कलमांना खुंट म्हणून ते इथे आणलं गेलं. त्याचं फळ पाण्यावर तरंगतं, बी खाऱ्या पाण्यातही महिनोन्महिने जिवंत राहतं, आणि रानडुकरं नि कॅसोवरी हे न उडणारे मोठे पक्षी ते आणखी आत नेतात.

ऑक्टोबरअखेरचा दिवस होता. इथल्या पावसाळ्यात फळं गळायच्या आत पाँड ॲपल तोडायचं काम उरकायचं होतं. ओहोटी लागल्यावर आम्ही चौघं उतरलो. त्यातल्या एकाचं काम फक्त पाण्यावर नजर ठेवणं, कारण मगरी आहेत.

मागच्या हंगामात तोडलेली खोडं आधी पाहिली. निम्म्याहून अधिक बुंध्यांना हातभर फुटवे आलेले! कापावर लावलेलं औषध तेच, ग्लायफोसेट हे तणनाशक, पाण्याजवळ वापरायला मान्यता असलेलं. एका बुंध्यावरचा सुकलेला थर नखाने खरवडला, तर खाली भुसा आणि चिखल. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं. चिखलावरून लावलेलं औषध झाडात उतरतच नाही. काही काप तिरके होते, तिथून ते ओघळून गेलं असणार.

म्हणून या वेळी जोडीनं काम केलं. एकाने बुंधा पुसून जमिनीलगत आडवा, सपाट काप घ्यायचा. दुसऱ्याने भुसा झटकून पंधरा सेकंदांच्या आत ब्रशने औषध लावायचं. सालीच्या लगतचं कडं आधी, कारण जिवंत भाग तिथेच असतो. औषधात रंग मिसळलेला, म्हणजे एकही बुंधा सुटत नाही. भरतीचं पाणी चढणार तिथले बुंधे सगळ्यात आधी घेतले, औषध मुरायला वेळ मिळावा म्हणून.

रोपं हाताने उपटली आणि मुळं अधांतरी राहतील अशी फांद्यांत अडकवली. इथे ओळख पक्की हवी. तिवराची पानं समोरासमोर असतात, पाँड ॲपलची एकाआड एक, आणि देठाशी पात्याला बारीक घडी असते. एका कांदळ जातीचीही पानं एकाआड एक येतात, पण खुडल्यावर पांढरा चीक निघतो. तो डोळ्यात जाऊ देऊ नये, दृष्टीला धोका आहे.

सगळं रान एकदम मोकळं केलं नाही. ऊन खाली पोचलं की मेलाल्यूकाचं धुळीएवढं बी रुजतं खरं, पण पॅरा गवत त्याच्याही आधी पसरतं, आणि ते वाळल्यावर लागलेली आग फार तापते. म्हणून पट्टे पाडले.

एका जुन्या मेलाल्यूकाच्या फांदीवर मुंग्यांनी भरलेली काटेरी गाठ दिसली. मुंगी-वनस्पती ती, अपोलो ज्वेल फुलपाखराच्या अळ्या तिच्यातच वाढतात. त्या झाडाला टेकलेलं पाँड ॲपल करवतीने पाडलं नाही. बुंध्याला भोकं पाडून औषध आत सोडलं आणि खोड उभंच ठेवलं.