शीड, उंदीर आणि मे महिन्याचं ऊन

मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात शिडाची होडी बाळगणारा मी एकटाच, त्यामुळे लोकांचे प्रश्नही ठरलेले. बुडत नाही का? पेट्रोल किती लागते? आन् उन्हाळ्यात तिचं करता काय भाऊ? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं उभ्याउभ्या देता येतात. तिसऱ्यासाठी मात्र बसावं लागतं, कारण खरं काम तिथंच आहे. सिंभोऱ्याच्या धरणावर, म्हणजे अप्पर वर्धाच्या पाण्यावर, होडी जेवढी झिजते त्याच्या कितीतरी पट ती शेतातल्या शेडात पडल्या पडल्या झिजते.

होडी एंटरप्राइज जातीची आहे. 1956 साली इंग्लंडात जॅक होल्ट यांनी आखलेला हा नमुना, लांबी 13 फूट 3 इंच, दोन माणसांची, आणि निळ्या शिडांवरून लांबून ओळखू येणारी. नौदलात असताना मी याच होडीवर शिकलो. निवृत्त होऊन संत्र्याकडे परतलो तेव्हा एक जुनी फायबरची मिळाली, ती ट्रॉलीवर टाकून आणली.

मुंबईत आम्हाला एकच मंत्र होता, किनाऱ्यावर आलं की सगळं गोड्या पाण्यानं धुवा. मीठ कापडात राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं आणि शीड कधी पुरतं वाळतच नाही. इथं पाणीच गोडं, मग धुवायचं कशाला, असं वाटतं. पण आपल्याकडे मिठाच्या जागी काळी माती आहे. धरण उतरायला लागलं की काठावर गुडघाभर चिखल, आणि दोर त्यातूनच ओढत आणावे लागतात. तो गाळ दोराच्या पिळात शिरून वाळला की आतले बारीक कण धागे कापत राहतात. बाहेरून दोर धडधाकट दिसतो, हातात घेतला की करकरतो. म्हणून मी सगळे दोर बादलीत साध्या साबणाच्या पाण्यात रात्रभर भिजवतो, सकाळी खळबळून काढतो, आणि सावलीत लाकडी खुंटीवर सैल वेटोळं करून टांगतो. खिळ्यावर नाही, गंजाचा डाग जात नाही. पुलीतली माती निव्वळ पाण्याच्या धारेनं काढायची. तिला ग्रीस लावायचा मोह अनेकांना होतो. ग्रीस लावलं की धूळ चिकटते आणि चाक अजूनच अडतं.

शीड धुतल्यावर ओसरीत दोरीवर टाकतो. अंगणात नाही, कारण उन्हातली अतिनील किरणं पॉलिस्टरचा जीव काढतात, आणि वाऱ्यावर फडफडत राहिलेलं कापड शिलाईशी सैल पडतं. पहिल्यांदा वाळत टाकलं तेव्हा शेजारच्या काकू आईला विचारत होत्या, "काय वो मावशी, येवढं मोठं निळं लुगडं कोनाचं?" आईनं शांतपणे सांगितलं, "पोराचं हाय."

वाळल्यावर घडी घालायची नाही. या कापडाला कडकपणा यावा म्हणून राळेसारखा लेप दिलेला असतो, घडीवर तो तडकतो आणि पुढच्या वर्षी वारा त्याच रेघेवर अडखळतो. शीड ताठ राहावं म्हणून त्यात सरकवलेल्या पट्ट्या काढून घ्यायच्या, वरच्या टोकापासून खाली गुंडाळत यायचं, आत दोन इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा. शिडातली पारदर्शक खिडकी आली की तिथं जुन्या धोतराचा पदर घालतो, म्हणजे प्लास्टिक प्लास्टिकला चिकटत नाही. ओलं असताना मात्र चुकूनही गुंडाळू नका. बुरशी पॉलिस्टर खात नाही हे खरं, पण तिचे काळे ठिपके मग तुमच्यासोबत म्हातारे होतात.

आता ठेवायचं कुठं? टिनाच्या छताखाली मे महिन्यात हात लावता येत नाही, बाहेरच 45 अंश असतं. जमिनीवर ठेवावं तर उधई आणि उंदीर. घरात कापूस भरलेला असतो तोवर उंदरांना शिडाची गरज नसते, पण कापूस विकला की त्यांची नजर फिरते. शिवाय खारी आहेतच. ठिबकच्या नळ्या कुरतडणाऱ्या खारीला पॉलिस्टरचा दोर म्हणजे काय विशेष! यावर मला सापडलेला उपाय बोअरच्या केसिंग पाइपचा. बोअर मारताना उरलेला दहा फुटी तुकडा पडून होता. गुंडाळलेलं मोठं शीड त्यात अलगद सरकतं. दोन्ही तोंडांना लोखंडी बारीक जाळी घट्ट आवळायची. आधी मच्छरदाणीची लावली होती, ती उंदरानं एका रात्रीत निकालात काढली. टोपण लावून बंद करू नये, हवा खेळली पाहिजे. हा पाइप मी जुन्या मातीच्या खोलीत आढ्याच्या बल्लीला तारेनं टांगलाय. मातीच्या भिंतींमुळे तिथं उन्हाळ्यातही गारवा असतो. छोटं शीड, म्हणजे जिब, त्याच पाइपात मोठ्याच्या शेजारी.

तारांकडे सर्वात जास्त लक्ष द्यावं, आणि नेमकं तिथंच कुणी देत नाही. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या तारा 19 बारीक सळ्यांच्या पिळाच्या असतात, स्टेनलेस स्टीलच्या. त्यातली एक सळी तुटली तरी तार बदलायची, यात घासाघीस नाही, कारण तार सुटली की डोलकाठीच खाली येते. तुटलेली सळी डोळ्याला दिसत नाही. हात फिरवून पाहाल तर बोटात घुसते. आपल्याकडे याला साधन घरचंच आहे: सरकी काढलेल्या कापसाचा चिमूटभर पुंजका. तो तारेभोवती सैल धरायचा आणि वरून खाली सावकाश न्यायचा. चांगल्या तारेवरून तो घसरत जातो. कुठे धागा अडकून मागे पांढरा केस लोंबताना दिसला, की तिथं थांबायचं, भिंग घ्यायचं. बहुतेक वेळा ही जागा खालच्या टोकाशी असते, जिथं तार धातूच्या नळीत दाबून बसवलेली असते. त्या नळीवरची केसाएवढी उभी चीरही तेवढीच वाईट. तारा साफ करायला भांड्याची लोखंडी घासणी वापरू नका, लोखंडाचे कण मागे राहतात आणि मग स्टेनलेसवरही तांबूस डाग उठतात. ओला फडका पुरतो. गुंडाळताना वेटोळं मोठं ठेवायचं, परातीएवढं, त्याहून लहान केलं की तारेला कायमची मुरड पडते.

डोलकाठी ॲल्युमिनियमची, वीसेक फुटांची. ती भिंतीला टेकवून उभी ठेवू नये. तीन ठिकाणी सारख्या उंचीचा आधार देऊन आडवी, शिडाची खाच खाली करून, म्हणजे तिच्यात पाणी साचत नाही. आतला हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, ओढून काढतो आणि त्याच्या जागी बारीक नायलॉनची दोरी सोडून ठेवतो. पुन्हा घालताना तिलाच बांधून ओढायचं. डोलकाठीच्या पोकळीत कुंभारीण माशी घर करते, हा शोध मला हॅलियर्ड अडकल्यावर लागला. आतून मातीचं टणक ढेकूळ निघालं, त्यात अर्धमेले कोळी. आता दोन्ही तोंडांना जाळीचा बोळा.

डोलकाठीबद्दल आणखी एक, आणि हे हलक्यानं घेऊ नका. होडी ट्रॉलीवर नेताना डोलकाठी आडवीच पाहिजे. आपल्या शेतांवरून 11 केव्हीच्या तारा किती लोंबतात ते तुम्हाला माहीत आहे.

रडर, म्हणजे सुकाणू, आणि सेंटरबोर्ड, म्हणजे होडीच्या मधून खाली पाण्यात सोडायची फळी, लाकडी असतील तर सपाट फळीवर आडवे ठेवा, उन्हात भिंतीला टेकवलेली फळी महिन्याभरात वाकते.

दोराबद्दल विचाराल तर, कृषी केंद्रात मिळणारा पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर स्वस्त आहे, पाण्यावर तरंगतो, बैल बांधायला चालतो. होडीवर मी तो फक्त काठाला बांधायला वापरतो. एका उन्हाळ्यात त्याचे केस निघायला लागतात, दुसऱ्यात हातात भुगा येतो. हॅलियर्ड आणि शीट, म्हणजे शीड आत-बाहेर ओढायचे दोर, पॉलिस्टरचेच. वर्षाआड मी त्यांची टोकं उलटी करतो, झिजणारी जागा बदलते आणि दोर दुप्पट टिकतो.

वैशाखात वावधन सुटलं की होडीच उडते, म्हणून ती उलटी करून दोन्ही बाजूंनी खुंट्यांना बांधावी. ताडपत्री घट्ट नको, खाली वारा जाऊ द्यावा. पोळ्याच्या सुमारास बैलांचे कासरे आणि वेसणी आणायला बाजारात जातो तेव्हा सगळं सामान एकदा अंगणात मांडतो, कापूस पुन्हा तारांवरून फिरवतो. तारा आणि शॅकल, म्हणजे जोडायच्या कड्या, अमरावतीला मिळत नाहीत, मुंबईहून मागवावे लागतात. धरण भरलेलं असतं ते दिवस हातचे जाऊ द्यायचे नसतील तर ऑर्डर तेव्हाच टाकलेली बरी.