‘तरी’चं पान

नगरच्या आमच्या मिशन शाळेच्या महोत्सव समितीचं पत्र आलं त्या दिवशी मी ते तीनदा वाचलं. ‘शाळेविषयी चार शब्द लिहून पाठवा’ एवढंच त्यात होतं, पण ते वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. शाळेचा इतिहास लिहिणारे जाणकार या अंकात आहेतच. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन ही ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्था नगरला आली तेव्हापासूनची हकिकत, मिस सिंथिया फेरार यांच्या मुलींच्या शाळा, सावित्रीबाई फुले यांनी त्यांच्याकडे घेतलेले धडे, हे सगळं ते माझ्यापेक्षा नीट सांगतील. मला फक्त बाईंविषयी लिहायचं आहे. कोणत्या बाई, हे आपल्यापैकी कुणाला सांगावं लागणार नाही. शाळेत शिक्षिका पुष्कळ होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच.

१९७२ च्या जूनमध्ये मी आठवी ‘ब’मध्ये होतो, राहायला बोर्डिंगात. माझं गाव पाथर्डी रस्त्यावर, करंजी घाटाच्या बाजूला. दोन वर्षं पाऊस हुलकावण्या देत होता, त्या वर्षी तो आलाच नाही. पेरलेली बाजरी मातीतच गेली. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर गोठा रिकामा. एक बैल छावणीत मेला होता, दुसरा वडिलांनी मिळेल त्या किमतीला विकून टाकला होता. आई-वडील दोघंही पाझर तलावाच्या कामावर जात होते. वडील टिकाव मारायचे, आई खडी फोडायची. तेव्हा अख्खा जिल्हाच अशा कामांवर होता. पुढे मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती, हे मी मोठेपणी सरकारी खात्यात असताना वाचलं. त्या आकड्यात माझी आई आहे, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

बोर्डिंगात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी असायची. ती हातात धरली की तुटायची, म्हणून आमटीत कुस्करूनच खायची. आंघोळ आठवड्यातून दोनदा, एका बादलीत दोघांनी. पण संध्याकाळची प्रार्थना एकही दिवस चुकली नाही. बाई स्वतः यायच्या, कंदील मध्ये ठेवायच्या आणि शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायच्या.

एका रविवारी त्यांनी हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचला. अंजीर फुललं नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असा त्याचा आशय. ऐकताना माझ्या पोटात कालवलं. मी हात वर केला आणि म्हणालो, “बाई, आमच्याही गोठ्यात गुरं नाहीत. आनंद कसा करायचा?”

पोरं गप्प झाली. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. उत्तर दिलं नाही. “चला, प्रार्थना करू,” एवढंच म्हणाल्या. त्या रात्री मला वाटलं, आपण वाईट प्रश्न विचारला.

दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला उभयान्वयी अव्ययं होती. वर्गात आम्ही ख्रिस्ती मुलं दहा-बारा, बाकी मराठा, वंजारी, मुसलमान, सगळ्या समाजांची. दुष्काळ सगळ्यांच्याच घरी. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: “जरी बाजरी उगवली नाही, जरी विहिरीला पाणी नाही, जरी गोठ्यात गुरं उरली नाहीत, तरी”. आणि खडू खाली ठेवला.

“हे संकेतबोधक अव्यय,” त्या म्हणाल्या. “वाक्याचा पहिला भाग मी दिला, तो सगळ्यांचा सारखा आहे. दुसरा ज्याचा त्याने लिहायचा. याला मार्क नाहीत. खोटं लिहायचं नाही. खरं सापडेपर्यंत जागा कोरी ठेवा.” हे सगळं बोलताना त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, पण ते कुणासाठी चाललं आहे हे मला कळलं होतं.

दोन-तीन दिवसांत बऱ्याच जणांनी लिहिलं. कुणी लिहिलं, ‘तरी सरकार मदत करील.’ कुणी, ‘तरी पुढच्या वर्षी पाऊस येईल.’ बाईंनी वह्या तपासल्या आणि परत दिल्या. “करील, येईल. हा भविष्यकाळ झाला बाळांनो. मला आज काय आहे ते हवं.” माझी जागा कोरीच होती. नोव्हेंबर गेला, नाताळ गेला, मार्च संपत आला. वही उघडली की ते पान पुढे यायचं. चाळीस पानी वही ती, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली.

पुढचं मी जरा सविस्तर सांगणार आहे, संपादकांनी कृपया कात्री लावू नये.

एप्रिलमधला रविवार होता. उपासना संपवून आम्ही बोर्डिंगच्या ओट्यावर बसलो होतो. फाटकातून एक बाई आत आली. ऊन इतकं होतं की डोळे बारीक करून पाहावं लागत होतं. जवळ आल्यावर कळलं, आई. भिंगारपर्यंत कुठल्याशा मालट्रकने आणलं होतं, तिथून चालत आली होती. बाई बाहेर आल्या तसं आईने हात जोडले, “लेकराला बघाया आले बाई, लई दिवस झाले.”

बाईंनी स्वतःच्या घरातून तांब्याभर पाणी आणून दिलं. त्या वर्षी तांब्याभर पाणी देणं काय असतं, हे त्या वेळच्यांनाच ठाऊक. आईने ते अर्धंच प्यायलं आणि उरलेलं माझ्यापुढे केलं. मग ती पदराची गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. तिच्या उजव्या हाताच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, भेगांत खडीची पांढरी धूळ बसली होती. डाव्या अंगठ्याचं नख हातोड्याखाली सापडून काळंनिळं झालं होतं. शेवटी तिने दातांनी गाठ सोडली. आत सुकडी होती, कामावर मजुरांना मिळायचं ते कोरडं गोड खाणं. रोज थोडी थोडी मागे ठेवून तिने मूठभर साठवली होती. सुकडीला उन्हाचा वास होता, आणि गुळाचा. मी खाल्ली, आई बघत राहिली. संध्याकाळच्या आत तिला परत निघायचं होतं, सोमवारी मस्टरवर हजेरी लागायला हवी होती.

ती गेल्यावर मी वही काढली आणि कोऱ्या जागेत लिहिलं, ‘तरी आई आली.’

सोमवारी बाईंनी ते वाचलं. लाल शाईने बरोबरची खूण केली. दुसरं काही लिहिलं नाही. त्या संध्याकाळी प्रार्थनेला त्यांनी एलीया संदेष्ट्याचा वृत्तांत वाचला. देशात दुष्काळ, तो करीथ ओहोळाकाठी बसलेला, आणि कावळे त्याला भाकर आणून देतात. वाचून झाल्यावर त्यांनी आपल्या आजीची गोष्ट सांगितली, आम्हाला ती पहिल्यांदाच कळली. आजी १९०० च्या दुष्काळात आईबाप गमावून सहा-सात वर्षांची असताना मिशनच्या बोर्डिंगात आली होती. तिला आपल्या गावाचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं. “त्या पोरीमुळे मी आहे,” बाई म्हणाल्या, “आणि मी इथे आहे.” मग नेहमीसारखी प्रार्थना झाली आणि आम्ही झोपायला गेलो.

जूनमध्ये पाऊस आला. आम्ही नववीत गेलो होतो, मराठीला बाईच होत्या. ज्यांच्या जागा कोऱ्या राहिल्या होत्या त्यांनी घाईघाईने लिहिलं, ‘तरी पाऊस आला.’ बाई रागावल्या नाहीत, पण ते त्यांनी मान्यही केलं नाही. “पाऊस आला म्हणून आनंद झाला, असं लिहा. ‘म्हणून’ हे परिणामबोधक. तेही लिहावं, देवाचे आभार मानावेत, पण वेगळ्या पानावर. या जागेत ते बसत नाही.”

मी पुढे पुष्कळ प्रवचनं ऐकली, आशेवरची चांगली चांगली. पण ख्रिस्ती माणसाची आशा ‘म्हणून’वर उभी नसते, ‘तरी’वर उभी असते, हे मला आठवी ‘ब’च्या व्याकरणाच्या तासाला कळलं. येशूला क्रुसावर दिलं तो शुभ शुक्रवार आणि त्याचं पुनरुत्थान यांच्या मधला शनिवार त्याच्या शिष्यांनी कसा काढला असेल, याचा विचार मी त्या वहीमुळेच करू लागलो.

मॅट्रिकनंतर डिप्लोमा केला आणि सरकारी नोकरीत लागलो. कनिष्ठ अभियंता म्हणून सुरुवात केली, उपअभियंता म्हणून निवृत्त झालो. जिथे आई खडी फोडत होती त्या तलावाचा गाळ काढायचं अंदाजपत्रक माझ्या सहीने पुढे गेलं, याचा मला आजही अभिमान आहे. आईला मी तिथे घेऊन गेलो होतो. भिंतीवर उभी राहून ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती.

मागच्या वर्षी शाळेत येऊन गेलो. बोर्डिंग बंद आहे, स्वयंपाकघराला कुलूप आहे. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा दिसला नाही. मुलांना व्याकरण कसं शिकवतात असं विचारलं तर प्रश्नसंच दाखवले. शिक्षक कष्ट घेतात, मी पाहिलं. पण एका वाक्याची अर्धी जागा पाच महिने कोरी ठेवायची मोकळीक आज कोणत्या मुलाला मिळते? ते पाहून जीव हळहळला.

एक गोष्ट लिहू की नको, असं करत शेवटपर्यंत आलो. २०२१ च्या एप्रिलमध्ये, पुनरुत्थानाच्या सणानंतर, म्हणजे ईस्टरनंतर, थोड्याच दिवसांत, माझी पत्नी करोनाने गेली. मीही पॉझिटिव्ह होतो, घरातच अडकलेला. तिला शेवटचं पाहता आलं नाही. दफनविधीला पाळकसाहेब आणि चार माणसं. मी फोनवर ऐकत होतो. त्यानंतर कितीतरी दिवस मला प्रार्थना करता आली नाही. शब्दच येत नव्हते.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहायची, नोकरीसाठी विदर्भातून आलेली. माझी तिची ओळख जिन्यात नमस्कार करण्यापुरती. तिने दुपारी दाराबाहेर डबा ठेवायला सुरुवात केली. बेल वाजवायची आणि निघून जायची. चौथ्या दिवशी डब्यावर चिठ्ठी होती, ‘काका, मीठ कमी टाकलंय, तुम्हाला बीपी आहे असं काकू म्हणाल्या होत्या.’ म्हणजे माझी पत्नी तिच्याशी बोलत होती, आणि मला ते माहीतही नव्हतं.

मी पेटीतून ती चाळीस पानी वही काढली. पान पिवळं पडलं आहे, लाल खूण मात्र तशीच आहे. जुन्या ओळीखाली लिहिलं, ‘तरी डबा आला.’ आणि मग रडत रडत प्रार्थना केली, कितीतरी दिवसांनी.

तपासायला बाई नव्हत्या. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

महोत्सवाला मी येतो आहे, आणि वही बरोबर आणतो आहे. समितीला जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात ठेवायची असल्यास जरूर ठेवावी, फक्त पान उघडं ठेवावं. आठवी ‘ब’च्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्या वह्या कुठे माळ्यावर, पेटीत सापडल्या तर घेऊन या. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर बसणारी आमची एक वर्गभगिनी होती, पुढे ती लग्न होऊन श्रीरामपूरकडे गेली. तिने जानेवारीतच काहीतरी लिहिलं होतं. बाईंनी ते वाचलं, खूण केली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ती ओळ तिने हाताने झाकून ठेवली होती. ताई, हा अंक तुमच्या हाती पडला तर या. तुम्ही काय लिहिलं होतं ते मला अजून विचारायचं आहे.