करमत नाही

परवा व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपवर एकीने विचारलं, नवरा एच-वन-बीवर (नोकरीच्या व्हिसावर) अमेरिकेत आहे, मी एच-फोरवर (त्याच्या बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर) येतेय, सोबत काय काय आणू? पटापट उत्तरं आली. कुकरच्या रिंगा, पोळपाट-लाटणं, मेतकूट, जाडे मोजे. मीपण लिहिलं, गोडा मसाला डबल पिशवीत बांध. खरं लिहायचं होतं ते टाइप करून पुसलं, म्हणून इथे लिहितेय.

मी २०१८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला आले. सांगलीत विश्रामबागला एका सीएच्या ऑफिसात ७ वर्षं होते, ३१ जुलै जवळ आली की मार्केट यार्डातले अर्धे हळदवाले माझ्या फोनवर, मॅडम माझं रिटर्न झालं का, मॅडम ही नोटीस कसली आलीये बघा की. जाम वैताग यायचा. इथे आल्यावर फोन वाजायचाच बंद झाला, वाजलाच तर गाडीची वॉरंटी विकणारा रेकॉर्डेड आवाज, आणि खरं सांगते, एकदा तो मी शेवटपर्यंत ऐकला.

एच-फोरवर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून वर्क परमिट मिळतं पण त्यासाठी नवऱ्याची ग्रीन कार्डाची फाइल बरीच पुढे सरकलेली लागते, आमची तेव्हा सुरूपण झाली नव्हती. कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर (आपल्या पॅन-आधारसारखा) नाही, आणि तो नाही म्हणून जिथेतिथे नवऱ्याचं नाव. लोकांचे टॅक्स भरणारी बाई मी, आणि माझं सिमकार्डपण नवऱ्याच्या नावावर. तो वाईट नव्हता हो, अंधार पडल्यावर घरी यायचा, पण इथे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, त्यात त्याला काय बोलणार.

३० जानेवारी २०१९ ला पोलर व्होर्टेक्समध्ये (ध्रुवाकडून येणारी थंडीची लाट) इथे उणे ३३ सेल्सियस झालं, शाळा बंद, पोस्टमनसुद्धा आले नाहीत. सगळे घाबरलेले आणि मला मात्र बरं वाटत होतं, कारण आज सगळेच घरात बसलेत, मी एकटीच नाही.

आईला फोन रात्री साडेआठला, म्हणजे सांगलीत सकाळचे आठ, तिचा दुसरा चहा. फोन असा धरायचे की सिंकमधली चार दिवसांची भांडी दिसू नयेत. काय केलंस गं आज? भरली वांगी. (केलं काय होतं, तर पाकिटातलं भडंग खाऊन झोपले होते.) एकदा बोलून गेले, आई, करमत नाही गं. "हुईल की सवय. मी मिरजेहून आले तेव्हा मला तरी कुठं करमत होतं?" मिरज-सांगली १० किलोमीटर!

पण तिचं तरी काय चुकलं. सासरी आलेली पोरगी, हॉस्टेलला गेलेला मुलगा, रिटायर झालेले काका, सगळ्यांनाच करमत नाही, त्यामुळे तो शब्द ऐकून कोणी घाबरत नाही. मीपण नाही घाबरले. पहाटे ३ ला झोप उडायची, छातीत धडधड, केस विंचरायला हात उचलवत नव्हता, आठवडा आठवडा बिल्डिंगच्या खाली उतरले नाही, आणि मी आपली म्हणतेय करमत नाहीये.

डॉक्टरकडे गेले ती पाठदुखीसाठी. नर्सने डिप्रेशन तपासायचा ९ प्रश्नांचा कागद दिला, गेल्या दोन आठवड्यांत असं किती वेळा वाटलं, ० ते ३. मी सगळीकडे शून्य ठोकलं. व्हिसाला काही झालं तर, ही भीती (डिप्रेशनवर उपचार घेतले म्हणून व्हिसा जात नाही, हे नंतर कळलं). डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, मला बघितलं, आणि इंटरप्रिटर मागवला. मराठीचा मिळाला नाही, फोनवर हिंदीवाली आली. मी म्हटलं, मन नहीं लगता. ती म्हणाली, शी इज बोअर्ड.

बोअर्ड! तिथेच रडायला लागले. मग माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगितलं आणि कागद परत भरला. २७ पैकी १७. १० किंवा त्याच्या पुढे गेलं की डॉक्टर लक्ष घालतात.

गोळ्या सुरू झाल्या, काउन्सेलर मिळाली. पहिलीने मला योगा करायला सांगितला, ती बदलली. रात्री जागून वाचायचे तेव्हा कळलं की परदेशी गेलेल्यांच्या मनाचा एक जुना अभ्यास याच मिनेसोटातल्या लोकांवर झालाय. ओडेगार्ड नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरने १९३२ मध्ये मांडलं की इथे आलेल्या नॉर्वेजियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण गावी राहिलेल्यांपेक्षा जास्त आहे. त्याचं म्हणणं, मुळात तशी माणसंच देश सोडतात. मला नाही पटत. नंतरच्या अभ्यासांत आपली माणसं आजूबाजूला असतील तर धोका कमी दिसलाय, म्हणजे माणूस कसा आहे तेवढंच नाही, तो कुठे येऊन पडतो तेपण आहेच ना. माझा आजार तो नव्हता, पण आमच्या मजल्यावर कोणी ओळखीचं नव्हतं हे खरं.

मग लायब्ररीतल्या इंग्लिश बोलायच्या फुकट क्लासला जायला लागले, दर मंगळवारी. तिथे बऱ्याच सोमाली बायका, या शहरात त्यांची वस्ती मोठी आहे. त्यातल्या एकीने सांगितलं, आमच्यात याला बूफिस म्हणतात. केनियातल्या निर्वासितांच्या कॅम्पमध्ये असताना परदेशी जायचं जे वेड लागतं तेपण बूफिस, आणि इकडे येऊन मन बिघडतं तेपण बूफिसच. मी तिला आपला शब्द शिकवला. आता ती दारातूनच ओरडते, करमत? त्यातलं "नाही" दरवेळी विसरते.